तेका काय होणा नाय

आमच्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की बॉनेट उघडण्याआधी खाली वाकायचं. पुण्याकडचा माणूस सर्व्हिसची वही मागतो, घाटावरचा इंजिनाचा आवाज ऐकतो. मालवणचा माणूस जमिनीवर पंचा अंथरून गाडीच्या पोटाखाली मान घालतो. इथं पत्रा ठोकरीने जातो त्याहून जास्त खाऱ्या वाऱ्याने जातो. देवबागेत तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि माणसं. तिथल्या खळ्यात टेकवलेली सायकल एका पावसाळ्यात तांबडी होते. गाडी वरून पॉलिश मारून लखलखीत दिसते, पण खाली बघावं तर सायलेन्सरला भोकं, जॅक लावायची जागा भुसभुशीत आणि चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक पाइपांवर गंजाचे पापुद्रे.

दुसरी तपासणी नाकाने करायची. बंदरावरून मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फ वितळून झालेलं खारं पाणी मागच्या सीटखाली झिरपलेलं असतं आणि ते आतून काम करत राहतं. विकणारा नवी सीट कव्हरं घालतो, डॅशबोर्डवर सुवासिक डबी चिकटवतो. सुवास जितका जास्त तितका माझा संशय जास्त. बांगड्याच्या वासावर मात करणारं अत्तर अजून कोणी काढलेलं नाही.

त्यानंतर गोव्याच्या गाड्या. सावंतवाडी, दोडामार्गकडे त्या पुष्कळ येतात. भाव बरा दिसतो, पण कागद जड. तिकडच्या आरटीओचं नाहरकत पत्र आणा, इकडे महाराष्ट्राचा कर भरा, नंबर बदला. एवढं करून शेवटी हिशेब कुडाळच्या गाडीइतकाच येतो आणि मधले चार महिने एजंटाच्या पाठीमागे फिरण्यात जातात.

उरते ती चाकरमान्याची गाडी. ही जात खास कोकणातली. मुंबईत पार्किंग नाही म्हणून किंवा गावी आल्यावर फिरायला हाताशी असावी म्हणून घेतलेली, गणपतीत आणि मे महिन्यात चालणारी, एरवी फणसाखाली कव्हर घालून उभी. मीटरवर किलोमीटर इतके कमी की मीटर मागे फिरवलाय असं वाटावं; प्रत्यक्षात गाडी खरोखरच चाललेली नसते. गिऱ्हाईक त्याला भुलतं. पण उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात. बॅटरी बसते, टायर एकाच जागी भार घेऊन चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. मागच्या चाकांचे ड्रम गंजून ब्रेकच्या लायनरना धरून ठेवतात. त्यात कोणीतरी हँडब्रेक ओढून मुंबईला गेलेलं असेल तर पावसाळ्यानंतर ती गाडी जागची हलवायला हातोडा लागतो.

मला गाडी हवी होती ती आईसाठी. तिच्या तपासण्या बांबोळीला. आमच्या जिल्ह्यातला मोठा आजार एकतर गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातो नाहीतर घाट चढून कोल्हापुरात. दर वेळी भाड्याची गाडी बोलावणं परवडेना, आणि एसटीने तिला नेणं म्हणजे आजारात भर. म्हणून चौक्याच्या पुढे एका वाडीत चाकरमान्याची पांढरी छोटी गाडी विकायची आहे असं कळल्यावर गेलो. सोबत मेस्त्री. आमच्याकडे सुताराला, गवंड्याला आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला एकच पदवी, त्यामुळे कोणत्या मेस्त्रीला घेऊन गेलात हे आधी सांगावं लागतं.

गाडीचे मालक मुंबईतली नोकरी संपवून गावी येऊन राहिलेले काका. बोलणं अर्धं परळचं, अर्धं वाडीचं. त्यांनी चावी फिरवली, इंजिन लगेच सुरू झालं आणि मीटरमध्ये एक लाल बत्ती तशीच राहिली. वर्तुळ, वर्तुळात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस.

"काका, ही?"

"ती पेटता. मे महिन्यापासना. तेका काय होणा नाय. ब्रेक लागतत."

मी मेस्त्रीकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळलेला. तो काकांना म्हणाला, "काकानू, चावी बंद करा आनि परत फिरवा. इंजन चालू करू नकात." काकांनी तसं केलं. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदा लागतात: बॅटरीचा, इंजिन ऑईलचा, एबीएसचा, एअरबॅगचा. गाडी आपल्या दिव्यांची हजेरी घेते. एबीएसचा आणि एअरबॅगचा पाठोपाठ विझले, बॅटरीचा आणि ऑईलचा इंजिन सुरू होईपर्यंत राहतात तसे राहिले, आणि ब्रेकची लालही राहिली. मेस्त्री समाधानाने म्हणाला, "बत्ती पेटता ना? मगे बरा असा. पेटणा नाय तेव्हा घाबरूक व्हया."

त्याने मग कणकवलीकडे बघितलेल्या एका गाडीची गोष्ट सांगितली. तिच्यात ब्रेकची बत्ती चावी फिरवल्यावरसुद्धा लागेना. मीटर खोलला तर बल्बच काढून ठेवलेला. दुसऱ्या एकीत त्याहून हुशारी होती. एबीएसच्या दिव्याची वायर ऑईलच्या दिव्याला जोडलेली, म्हणजे हजेरीला दोन्ही एकदम लागायचे आणि एकदम विझायचे. गिऱ्हाईक खूश. जुनी गाडी बघताना लोक लागलेल्या दिव्यांना भितात. मी तेव्हापासून न लागलेले दिवे मोजतो.

या बत्तीच्या मागे असतं तरी काय? बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला, एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते. तिच्यावर वर एक आणि खाली एक अशा दोन रेघा. आत ब्रेक ऑईल आणि त्यावर तरंगणारा, पोटात चुंबक घेतलेला एक छोटा तरंगा. ऑईल खालच्या रेघेच्या खाली गेलं की तरंगा खाली बसतो, चुंबक स्विच जोडतो, मीटरमध्ये बत्ती लागते. बस्स, एवढंच. पण ऑईल खाली का गेलं याला कारणं दोनच. एक तर पुढच्या चाकांचे पॅड झिजले, पिस्टन तेवढा बाहेर आला, त्यामागची जागा भरायला ऑईल खाली उतरलं. किंवा कुठेतरी गळतंय. पहिलं कारण म्हातारपणाचं, दुसरं जिवावरचं. आणि बत्ती दोन्हींना तीच. हँडब्रेक ओढलेला राहिला तरी तीच. चारही चाकांना ब्रेक वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बिघडली तरी बहुतेक गाड्यांत तीच. ती एवढंच सांगते की बघा, पुढचं बघणाऱ्याने बघायचं.

आणि ती विझवणं फार सोपं आहे. दुकानातून ब्रेक ऑईलची छोटी बाटली आणायची, वरच्या रेघेपर्यंत ओतायची. पॅड तसेच झिजलेले, गळती तशीच चालू, पण बत्ती गेली. काकांना हे सुचलं नव्हतं असं नाही. शेजारच्या पोराने सुचवलंही होतं म्हणे. त्यांनी केलं नाही. प्रामाणिकपणा म्हणावा की कंटाळा, हे मी ठरवू शकलो नाही. आमच्या गावात या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच माणसात सुखाने नांदतात आणि गिऱ्हाइकाला दोन्हींचा फायदा सारखाच होतो.

काकांचं "ब्रेक लागतत" हे खोटं नव्हतं, आणि अडचण तीच होती. पायाचा दाब तेलातून चारी चाकांकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. मोटारीत तो १९२० च्या दशकात आला आणि सुरुवातीला सगळा कारभार एकाच नळीवर चालायचा. ती फुटली की पाय थेट फळीला. पुढे एकाच्या जागी दोन स्वतंत्र वाटा केल्या. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना अशा दोन वाटा आणि सोबत इशाऱ्याचा दिवा सक्तीचा झाला. आजच्या छोट्या गाडीत बहुधा एक वाट पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळते, दुसरी उरलेली दोन. त्यामुळे एक वाट गळून गेली तरी गाडी थांबते. लांब जाऊन थांबते, एका अंगाला ओढते, पण थांबते. वाडीतून तिठ्यावर आणि तिठ्यावरून वाडीत एवढीच चाल असेल तर वर्षभर काही कळणारही नाही. माणसाचा जीव वाचावा म्हणून केलेली ही सोय माणसाला दुर्लक्ष करायला वर्षभराची मुदतही देते. अर्ध्या ब्रेकवर चाललेल्या किती गाड्या मे महिन्यात आमच्या अरुंद रस्त्यांवर समोरून येतात, ते न मोजलेलंच बरं.

कायद्याची गंमत अशी की या गाडीच्या ब्रेककडे सरकारी डोळ्याने कोणी बघितलेलंच नव्हतं. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांना ठरावीक मुदतीने फिटनेस करून घ्यावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, आणि तेवढी वर्षं तिला कोणी बोलावत नाही. पीयूसीवाला धूर तपासतो. तो गाडीच्या मागे उभा राहतो, तिच्या पुढे उभा राहून ब्रेक मारायला सांगत नाही. म्हणजे १५ वर्षांत खासगी गाडीच्या ब्रेकचा तपासनीस एकच, तो मीटरमधला दिवा. मात्र अपघात झाला की कायदा जागा होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम म्हणतं की धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाऱ्याला तो दोष ठाऊक असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर तो शिक्षेला पात्र. लाल बत्ती डोळ्यांसमोर पेटलेली असताना "माका म्हायत नव्हता" म्हणायची सोय राहत नाही. बल्ब काढणारा फक्त गिऱ्हाइकाला फसवत नाही, तो गिऱ्हाइकाला ही साधी काळजीही घेऊ देत नाही.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध छापला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ साली त्याच कामासाठी त्याला दोघांच्या सोबतीने नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं आपल्या कोणाही गाडीच्या एजंटाला तोंडपाठ असेल. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो निघून जातो. भाव आणखी पडतो, आणखी काही चांगल्या गाड्या जातात, आणि बाजारात खटारे उरतात. हा गृहस्थ १९६७-६८ चं वर्ष भारतात राहिला होता आणि त्या निबंधात आपल्याकडची बाई बाजारचे तांदूळ निवडते, मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे वेचते, हेही आलं आहे. जुनी गाडी बघायला सुपाएवढी सोपी वस्तू अजून निघालेली नाही.

मला त्याच्या मांडणीत एकच गोष्ट खटकते, आणि ती बहुधा फक्त कोकणात खटकेल. विकणाऱ्याला सगळं माहीत असतं हे त्याने धरून ठेवलं आहे. आमच्या काकांना गाडीविषयी काय माहीत होतं? नोकरी संपेपर्यंत ती वर्षातले दहा महिने फणसाखाली असायची आणि ते वर्षातले दहा महिने मुंबईत. त्यांच्यापेक्षा समोरच्या घरातल्या आजीला जास्त माहीत. कोणत्या गणपतीत तिचा आरसा गेला, कोणत्या पावसात पाणी चाकापर्यंत आलं, पुतण्याने ती कधी न विचारता आचऱ्याला नेली. जिल्हा लहान आहे, एमएच ०७ चा नंबर उच्चारला की कुडाळच्या बाजारातला कोणीतरी माणूस मान वर करतोच: "ती काय? ती व्हाळात गेल्ली ना!" एजंट काही सांगणार नाही, वेबसाइट काही सांगणार नाही, चहाच्या टपरीवर सगळा इतिहास फुकट मिळतो, चहाचे पैसे द्यायचे. त्यातला निम्मा दुसऱ्याच गाडीचा असतो, हे सोडून द्यायचं.

आजीने आम्हाला सांगितलं की उजव्या मागच्या चाकाखाली दगडावर कायम ओला डाग असतो. पावसाळ्यात कोण बघतो, पण डाग उन्हाळ्यातही होता.

मेस्त्री सरळ त्या चाकाकडे गेला. चाक काढलं, ड्रम निघेना. हातोड्याने कडेकडेने ठोकत, मधे रॉकेलसारख्या वासाचा स्प्रे मारत त्याने तो सोडवला, आणि ड्रम निघताच आतून तांबडी भुकटी आणि काळा चिखल खाली पडला. वरच्या बाजूला व्हील सिलिंडर, बोटाएवढा. त्याच्या टोकाचं रबर त्याने नखाने उचललं, आत ऑईल साचलेलं. लायनर तेलाने भिजून काळे. "हय असा तुमचा ओला डाग," तो आजीकडे बघून म्हणाला. आजीने मान डोलावली, जणू तिला सिलिंडरपर्यंत सगळं आधीच माहीत होतं. मग त्याने पुढची बाटली उघडून वातीएवढा कापूस आत बुडवला. ब्रेक ऑईल नवं असताना फिकट पिवळं असतं. हे कोऱ्या चहासारखं निघालं.

त्या रंगाचा अर्थ मला आंबोलीच्या घाटामुळे लगेच कळला. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्याचा तो स्वभावच आहे. डॉट ३ जातीचं नवं ऑईल २०५ अंश सेल्सियसच्या खाली उकळत नाही. त्यात तीनचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. म्हणून कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ते कोणी बदलत नाही. किनाऱ्यावरच्या सपाट रस्त्यावर हे पाणी लगेच दगा देत नाही. पण कोल्हापूरहून येताना साधारण ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीतून दाणोलीकडे उतरायला लागलं, गियर न बदलता नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, की चाकाशी ऑईल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दबते, म्हणून पाय खाली जात राहतो आणि गाडी पुढे. पर्यटकांना धबधबा दिसतो. आम्हाला वळणावर थांबलेली, बॉनेट उघडी टाकलेली, ब्रेकचा जळका वास सोडणारी गाडी आधी दिसते.

भाव ठरायला फार वेळ लागला नाही. दोन्ही व्हील सिलिंडर, लायनर, पुढचे पॅड, एक गंजलेला पाइप, सगळं ऑईल काढून नवं, वर मजुरी. मेस्त्रीने आकडा काकांच्या देखत कागदावर लिहिला, आणि काकांनी तो तसाच किमतीतून उतरवला. घासाघीस झाली ती स्पेअर टायरवरून आणि गाडीच्या कव्हरवरून. मला तेव्हा जाणवलं की असा सौदा मी आयुष्यात क्वचित केला आहे. समोरच्या माणसाला जे माहीत ते मला माहीत, मला जे माहीत ते त्याला, आणि दोघांना सांगणारी बत्ती दोघांच्या मधे. मेस्त्रीला पैसे मी देत होतो तरी त्या दुपारी तो दोघांचाही होता.

विसार दिला, पण कागद सुटे ठेवले नाहीत. जुन्या गाडीच्या व्यवहारात ब्रेकखालोखाल जीवघेणा भाग तो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून टाकलं आहे की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली गाडी विकली जात जात पुढच्या पुढच्या हातात गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. हे सांगितल्यावर काका स्वतःच ओरोसच्या आरटीओत यायला तयार झाले. सह्या करताना त्यांनी विचारलं, गाडी देवबागेत नेणार नाही ना? म्हटलं, नाही. आपली गाडी कोणाच्या खळ्यात गंजणार याचं त्यांना वाईट वाटत होतं. आपल्या खळ्यात ती काय करत होती, हे मी विचारलं नाही.

दुरुस्तीनंतर मेस्त्री म्हणाला, रस्त्यावर काय ते बघूया. इंजिन चालू ठेवून त्याने ब्रेकवर पाय दाबून धरला आणि गप्प बसून राहिला. पाय हळूहळू खाली सरकला तर मास्टर सिलिंडर गेलेला. सरकला नाही. मग कुंभारमाठाच्या सड्यावरून मालवणात उतरणारा उतार. तिथं मधेच, मागे कोणी नाही असं बघून, त्याने न सांगता करकचून ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या सीटवरचा माझा जेवणाचा डबा आणि पाणी पुढे आलं. "हां," एवढंच तो म्हणाला. मीटरमध्ये लाल काही नव्हतं. आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने एसीविषयी विचारलं. ब्रेकविषयी कोणीच विचारत नाही.

गाडी घरी आल्यावर देवासमोर नारळ ठेवल्याशिवाय आमच्याकडे ती आपली होत नाही. नवी असो की जुनी. गावकरांना बोलावलं, मेस्त्रीही थांबला. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकांखाली लिंबं, आणि गावकरांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. बारा राठीच्या बारा वहिवाटीच्या देवाला हाक मारून झाली, घरच्यांची नावं घेऊन झाली. नवीन गाडीला त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. जुनीला थोडं वाढवावं लागतं. ते क्षणभर थांबले, मीटरकडे नजर टाकली आणि म्हणाले, "आनि म्हाराजा, ही गाडी आदी दुसऱ्याच्या हाताखाली व्हती. आदल्या मालकान तिचे काय हाल केल्यान, ता तुकाच ठावक..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मेस्त्रीचा आवाज सगळ्यांत मोठा.